सूचना : रविवारी बैठक, विषय अंगातली पहिली जागल

नमस्कार मंडळी, या रविवारी संध्याकाळी ७ वाजता वाचनालयात आपल्या विज्ञान गटाची बैठक आहे, कापसाचं माप झालं की सरळ इकडंच या.

मागच्या आठवड्यात वेचणीत माझ्या बोटात पऱ्हाटीची काडी घुसली, रात्रीतून बोट लाल, गरम, ठणकायला लागलं अन् सकाळी काडीभोवती पू, तेव्हाच विषय ठरवला : जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे जंतू घुसला की लगेच धावून येणारी अंगातली उपजत राखण. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावात मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून हेच पाहिलं होतं, सकाळी राखणदार पेशी काट्याभोवती गोळा! (आपला पूही बराचसा अशाच पेशींचा असते.) १९०८ चं नोबेल त्याले एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञासोबत भेटलं.

पण एकट्यानं पाहिलेलं पुढं न्यायला मंडळ लागते, माझा भर त्यावरच राहील. १९८७ मध्ये इंटरनॅशनल एंडोटॉक्सिन सोसायटी निघाली. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला भाग, जंतू मेला तरी हा ताप आणतो. शरीर त्याले ओळखते कसं, हे कोडं १९९८ मध्ये उंदरांवरून सुटलं, टीएलआर४ नावाचा रिसेप्टर (पेशीवरचा, जंतूची खूण ओळखणारा रेणू), अन् त्याचा भाऊबंद सापडला होता फळमाशीत! माशीवाले, डॉक्टर, रसायनवाले एकमेकांचं ऐकत बसले नाही तर असं जुळते कुठं? पुढं त्या सोसायटीनं नावातच जन्मजात प्रतिकारशक्ती जोडली, मले ही गोष्ट फार मोठी वाटते.

आठवी-नववीच्या पोरींले नक्की आणा, शाळेचा मायक्रोस्कोप मागितला आहे. वर्गणी राहिली असंन तर तेव्हाच द्या.