शिवणयंत्रे पुष्कळ झाली, आता पाळणाघरे काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 8 मार्च जवळ आला की नाशिकच्या वस्त्यांमध्ये गरजू महिलांना शिवणयंत्रे वाटली जातात. मंडप, गुलाबाचे फूल, फोटो. शिवणयंत्राशी माझे वैर नाही. पण नाक्यावर तयार कपडे स्वस्तात मिळत असताना एकाच गल्लीतल्या दहा जणींनी कोणाचे ब्लाऊज शिवायचे? माझी उमेदीची वर्षे अंगणवाडीच्या कामात गेली. बाईला मारझोडीतून आणि मुलांना हलाखीतून सोडवायचे असेल, तर वस्तीत आधी दिवसभराचे पाळणाघर हवे, असे माझे ठाम मत आहे.

कसे ते सांगते. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने बाईला राहत्या घराचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिला. पीडित बायकांसाठी सखी केंद्र आहे, बायकांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे मदतीचे क्रमांक आहेत, आणि तिथली बरीच माणसे मनापासून राबतात. अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे हा कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा. तोवर खोलीभाडे आणि किराणा कोण भरणार? म्हणजे कामाला जाणे आलेच, आणि तिथेच गाडे अडते : "पोरं कोणापाशी ठेवू?" अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सकाळची पाळी धरायची तर बाई उजाडायच्या आत घराबाहेर पडते. अंगणवाडी भरते त्यानंतर, सुटते दुपारी, आणि तिथे बसवून घेतात ती तीन वर्षांपुढची मुले. मग धाकटे राहते शेजारच्यांकडे, नाहीतर बाहेरून कडी घालून खोलीत. बालकांवरील लैंगिक अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आईला त्यासाठी अहवाल लागत नाही, तिला ते कळतेच. म्हणून कित्येक जणी मुकाट्याने त्याच नवऱ्याकडे परत जातात.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. ऑक्टोबर छाटणीपासून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून टोळ्या उतरतात. मांडवाच्या अँगलला लुगड्याची झोळी, झोळीत काही महिन्यांचे मूल आणि दोरी ओढायला आठ-नऊ वर्षांची बहीण. आई चार ओळी पलीकडे डिपिंग करत, म्हणजे द्राक्षांचे घड औषधाच्या मगात बुडवत असते. मूल रडले की ती तिथूनच ओरडते, "दोरी वढ गं!" स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येते. पण दोरी सोडून ही पोरगी बसणार कशी? शाळा तुटली की चार-पाच वर्षांत तिचे लग्न उरकतात. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुले मेंढ्या वळायला दिली जात असल्याचे 2022 मध्ये उघड झाले, त्यात एक मुलगी दगावली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. पुढे?

आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला याचे उत्तर केव्हाच काढले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. मोठ्या बहिणीला शिकायचे असेल, तर धाकट्याचे पाळणाघर आणि बालवाडी शाळेला जोडूनच हवी. आपण शताब्द्या साजऱ्या करतो, हे मात्र विसरतो.

कायद्याचीही वानवा नाही. कारखान्यात पाळणाघर हवे हे 1948 पासून आणि बांधकामावर हवे हे 1996 पासून कागदावर आहे. पण बायका तीन ठेकेदारांच्या हजेरीवर वाटलेल्या असल्या की पाळणाघराच्या सक्तीसाठी लागणारा माणसांचा आकडा भरतच नाही. द्राक्षबागेत तर विचारणाराच कोणी नाही. मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी नफ्यातला दोन टक्के खर्च करावा लागतो. तो वस्तूंवर लवकर होतो, सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावर होत नाही. यंत्र एकदा दिले की हात मोकळे, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. बचत गटातल्या दोन विश्वासू बायका, बंद पडून असलेले एखादे समाजमंदिर, डाळ-भात, आणि पाळीच्या वेळेला जुळणारी वेळ, एवढ्यावर पाळणाघर उभे राहते. बागायतदारांनीही हंगामापुरती एखादी शेड आणि एका बाईची मजुरी काढली, तर टनामागे त्यांना ते जड जाणार नाही.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची, घाटांची कामे निघत आहेत. त्यांवर खडी-सिमेंट वाहायला बायका पोरे घेऊनच येणार. महापालिकेने प्रत्येक निविदेत पाळणाघराची अट घालावी, आणि बायका कोणत्याही ठेकेदाराच्या हजेरीवर असोत, पाळणाघर दिसल्याखेरीज बिल काढू नये.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका, पंचवटी, नाशिक