आखाजीला न येणाऱ्या लेकीस

पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे
दि. 18 एप्रिल

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. दिंडोरीच्या बागेत खरड छाटणी सुरू असल्यामुळे या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येणे जमणार नाही, हे वाचल्यापासून तुझी आई माझ्याशीच तुटक बोलते आहे, जणू द्राक्षवेल एप्रिलमध्ये छाटायची हे मी ठरवले. तिची समजूत मी काढीन. मात्र पत्रातला तुझा खरा सल वेगळा आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची पदवी घेतली, सुपरवायझरच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली, आणि तरी पंधरा दिवस बायांच्या ओळीत उभे राहून कात्रीच चालवावी लागत असेल, तर शिकले कशासाठी, असे तू विचारले आहेस.

माझे उत्तर असे आहे की तुझ्या मालकांनी तुला योग्य जागी उभे केले आहे. खरड छाटणीचे काम फसवे असते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, डोळे राखून काड्या कापल्या, की बाग सगळीकडे सारखीच बोडकी दिसते. कोणी नीट कापले आणि कोणी ओरबाडले, हे बांधावरून कळत नाही. पुढे फुटी निघतात, विरळणी होते, शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्याच काडीवरची बगलफूट, घेतली जाते, आणि साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांच्या काळात डोळ्याच्या आत सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडाचा अंकुर, तयार होतो. त्या दिवसांत काडीच्या डोळ्यावर ऊन पडले नाही, फुटींची गर्दी तशीच राहिली, तर डोळा वांझ जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट येते, पण तिच्यावर घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, असते. म्हणजे चूक उन्हाळ्यात होते आणि दिसते दिवाळीच्या सुमारास, तोवर ती करणारी टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते. जिने स्वतः चारशे-पाचशे वेली छाटल्या आहेत, तिलाच ओळीतून चालताना थांबून "ही फूट का ठेवली?" असे विचारता येते. इतरांना फक्त "लवकर आटपा" एवढेच म्हणता येते.

मी तेवढेच म्हणत असे. आपली बाग होती तेव्हा एका वर्षी फुटींच्या विरळणीचे काम मी एकराच्या भावाने उक्ते देऊन टाकले आणि स्वतः कांद्याच्या मागे लागलो. उक्त्या कामात माणूस घाई करणारच, त्यात त्याचा दोष नाही. पाहणारा जागेवर नव्हता, हा दोष माझा होता. त्या हंगामात निम्म्या बागेत घड शोधावे लागले. काडी प्रयोगशाळेत देऊन ऑक्टोबरच्या आधी डोळे तपासून घ्यायला हवे होते, तेही केले नाही. तुमच्याकडे ही तपासणी होते असे तू लिहिले आहेस. ती सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघण्याची परवानगी मागून घे.

आता थोडा हिशेब. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 968 वेली बसतात. वेलीमागे 35 घड धरले, तर एकरात 33,880 घड होतात, आणि निर्यातीच्या मालासाठी त्यातला प्रत्येक घड कोणाच्या तरी हातात येऊन त्याचे मणी विरळावे लागतात. तुला पुढे पंचवीस एकरांचा प्लॉट मिळणार असेल, तर साडेआठ लाखांच्या आसपास घड झाले. इतके घड एक सुपरवायझर पाहू शकत नाही. म्हणून रोज प्रत्येक ओळीतल्या ठरावीक वेली न सांगता तपासायच्या, चूक दिसली तर ती त्याच दिवशी, त्याच बाईला, तिच्या हातातल्या घडावर दाखवायची. संध्याकाळी सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलशील, तर दुसऱ्या दिवशी ती येणार नाही, आणि तिच्याबरोबर आणखी चार जणी येणार नाहीत.

जी गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगणे भाग आहे, कारण ऑक्टोबरमध्ये तुझ्या हाताखाली पेस्ट लावणारी माणसे असतील. गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जे हायड्रोजन सायनामाईड लावतात, ते अंगावर गेले तर त्वचा भाजतेच. पण ते हाताळण्याच्या आदल्या दिवशी किंवा नंतरचे काही दिवस माणसाने दारू घेतली, तर चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. बाटलीवर हे छापलेले होते, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. मी वाचले नाही, म्हणून सांगितले नाही. दिवसभर पेस्ट लावून गेलेल्या एका मजुराने संध्याकाळी घेतली आणि रात्री त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला. त्याच्या बायकोने मला काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

म्हणून प्रत्येक औषधाचे लेबल तू स्वतः वाच आणि त्यावरचा रंगीत त्रिकोण टोळीला ओळखायला शिकव. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. हातमोजे पेटीत आहेत एवढ्यावर समाधान मानू नकोस, ते हातात आहेत का ते पाहा. आणि हे सांगताना पुस्तकी मराठी बाजूला ठेव. तुमच्याकडच्या टोळ्या नवापूर, सुरगाणा, पेठ या भागांतल्या आहेत असे तू लिहिले आहेस. तू लहानपणी शाळेत कोकणी आणि मावची आदिवासी मुलांबरोबर डबा खाल्ला आहेस, अहिराणी तर तुझ्या आईचीच आहे. "हाई इख शे" हे तीन शब्द ज्या माणसाला कळतात, त्याला "विषारी रसायन" म्हणून भिंतीवर लावलेली पाटी काय कामाची? तुझ्याबरोबर प्रशिक्षण घेणाऱ्या नाशिकच्या मुलांकडे ही शिदोरी नाही.

मुकादम तुझ्या बापाच्या वयाचा आहे आणि तुझे ऐकत नाही, अशी तक्रार आहे. त्याला दादाच म्हण, अहो-जाहोच कर. पण हजेरी त्याच्या तोंडून लिहून घेऊ नकोस, माणसे समोर मोजून लिही. उचल किती घेतली, त्यातली किती फिटली, हे प्रत्येकाला महिन्यातून एकदा वाचून दाखव. मुकादमाला हे आवडणार नाही. टोळीला मात्र कळेल की वही कोणाच्या बाजूची आहे.

फवारणीच्या नोंदींचा तुला कंटाळा येतो, हे वाचून मला 2010 साल आठवले. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराईडचे अवशेष सापडल्याने त्या वर्षी आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि कितीतरी बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी, हे लिहिणे म्हणजे बागेचा सातबारा समज. नोंद त्याच दिवशी कर. आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्लाही त्या वहीतच डकवत जा, म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी का घेतली याचे कारण तारखेसकट समोर राहील.

वाईनच्या बागेत पुढे संधी आहे का, असे तू विचारले आहेस. त्यातले मला फारसे कळत नाही. तिथे मणी फुगवण्यापेक्षा साखर आणि आम्ल यांचा मेळ बघतात, एवढेच ठाऊक. आधी एक पूर्ण वर्ष, दोन्ही छाटण्यांसह, आहेस तिथेच काढ.

शेवटी आखाजीचे. तू येणार नाहीस हे ठरले, पण तुझ्या टोळीतली नवापूरकडची माणसे सण सोडणार नाहीत. माझ्याकडची कधी सोडत नसत, आणि दरवर्षी मी ऐनवेळी चिडत असे. तेव्हा आजच त्यांच्यात बसून कोण कधी जाणार आणि कोण कधी परतणार ते ठरवून घे, अर्ध्या जणी आधी आणि अर्ध्या नंतर अशा पाळ्या लाव, आणि तेवढ्या दिवसांत कोणत्या ओळी थांबल्या तरी चालतील हे साहेबांना आधीच लिहून दे. नवापूरची गाडी पिंपळनेरवरूनच जाते. परत येणाऱ्यांपैकी कोणाला तरी स्टँडवर उतरून निरोप द्यायला सांग. आईने सांजोऱ्या करून ठेवल्या असतील. डबा मोठा आहे, टोळीला पुरेल असा.

तुझा,
बाबा