बोट एकीकडे, कचेरी दुसरीकडे

ग्लासगो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, याची लाज आहेच. आज लिहायला बसलो तो स्कॉटलंडच्या ब्यूटशायर या जुन्या बेटांच्या जिल्ह्यामुळे, कारण हे दुखणे तुझ्याखेरीज कोणाला सांगावे? गुडघा बरा आहे.

गेल्या आठवड्यात वेमिस बे बंदरातून बोटीने ब्यूट बेटावरच्या रॉथसेला उतरलो. ब्यूट, अ‍ॅरन, दोन कंब्रे आणि इंचमार्नॉकसारखी बारकी बेटे, एवढ्याच जुन्या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. एट्रिक बेच्या वाळूवर उभा राहिलो, तर समोर अ‍ॅरनचे डोंगर स्पष्ट दिसत होते; त्यांतला गोट फेल ८७४ मीटरचा. तिकडे जाणारी बोट विचारली, तर धक्क्यावरच्या बाई हसल्या. थेट नेहमीची बोट नाही. मुख्य भूमीवर परत जाऊन, आयरशरच्या किनाऱ्यावरून दुसरी धरायची! एकाच जिल्ह्यातल्या दोन बेटांची ही तऱ्हा.

पण जिल्हा तरी कुठे उरला आहे? १९७५ साली जुन्या काउंटी कौन्सिली (जिल्हा परिषदाच म्हण) मोडल्या, तेव्हा ब्यूट आरगाइलला जोडले गेले, तर अ‍ॅरन आणि कंब्रे आयरशरमधल्या कनिंगहॅमकडे गेली, जी १९९६ पासून नॉर्थ आयरशरमध्ये मोडतात. (त्याआधीही थट्टा होतीच: १७०८ ते १८३२ ब्यूटशायर आणि दूर उत्तरेचे केथनेस आळीपाळीने खासदार पाठवत.)

१९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा वर्गातल्या नकाशावरची नवी रेघ मी खोडरबराने पुसली होती आणि तू मला धपाटा घातला होतास, आठवते? जिल्हा म्हणजे कचेरी, जिथे लोकांना जायला सोपे तिथे ती हवी, हे तुझे म्हणणे. अ‍ॅरनपुरते ते मान्य करतो, कारण त्याची मुख्य बोट आयरशरलाच लागते आणि कचेरीही तिथेच, अर्व्हिनला आहे. ब्यूटचे काय? त्याची मोठी बोट जाते वेमिस बेला, आणि कचेरी मात्र लॉखगिल्पहेडला. म्हणजे बेटाच्या उत्तर टोकाला जाऊन पाच मिनिटांची छोटी फेरी पकडायची आणि पुढे डोंगरांना वळसे घालत जायचे. तुझ्याच नियमाने ही रेघ चुकली की नाही, ते सांग. त्या धपाट्याचा निम्मा हिशेब तरी मला परत हवा.

लेकीच्या बारावीचे काय झाले? वहिनींना नमस्कार. ओरोसची बदली मिळाली असेल, तर तेही कळव.

तुझा,
दिगंबर