टीएलआर कॅमेरा कपाटात नको, आणि शटरमध्ये तेल तर मुळीच नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत जुन्या वस्तूंनी घर सजवायचा लेख आला होता, त्यात ग्रामोफोन आणि डायलच्या टेलिफोनच्या रांगेत एक टीएलआर कॅमेरा पण बसवला होता, म्हणजे तो वर एक आणि खाली एक अशा दोन लेन्सवाला चौकोनी डबा, जुन्या फोटो स्टुडिओत असायचा तो. लेख मस्त होता, पण शेवटी चौकटीत दोन टिप्स दिल्यात त्या वाचून राहवलं नाही. एक म्हणजे हे कॅमेरे आता काही चालत नाहीत तेव्हा लेदर केससकट काचेच्या कपाटात ठेवा, आणि दुसरी म्हणजे शटर अडकलं असेल तर दोन थेंब मशीनचं तेल सोडा. पहिलीवर फार तर वाद घालता येईल, दुसरीवर वाद घालायला पण काही नाही, कारण तो सल्ला कोणी मनावर घेतला तर चालू होऊ शकणारा कॅमेरा खरंच कपाटातच जाणार.

या कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या आतच बसवलेलं असतं. कागदासारख्या पातळ पोलादी पाकळ्या एकमेकींवर सरकून उघडतात नि मिटतात आणि त्या चक्क कोरड्या चालायच्या असतात. तेलाचा थेंब टाकला की तो जागच्या जागी थांबत नाही, दोन पाकळ्यांच्या फटीतून पसरत जातो, पाकळ्या एकमेकींना चिकटतात, मग अपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक लहान मोठं करणाऱ्या पात्यांवर पोचतो, आणि काही महिन्यांनी त्याचीच वाफ आतल्या काचांवर धुकं होऊन बसते. आणि मुळात अडकलेलं असतं ते भलतंच काहीतरी. एक सेकंद, अर्धा सेकंद असे स्लो स्पीड मोजायला आत बारीक दातेरी चाकांची एक गाडी असते, घड्याळात असते तसलीच, तिच्यातलं पन्नास साठ वर्षांपूर्वीचं वंगण सुकून चिकट झालेलं असतं. म्हणून १/१२५ सेकंदाचा स्पीड झकास चालतो आणि एक सेकंदावर लावलं की कर्रर्र करत मध्येच गप्प. त्याला उपाय म्हणजे शटर उघडून सॉल्व्हंटने ती चाकं धुणं आणि मग नेमक्या दोन चार ठिकाणी सुईच्या टोकाएवढं घड्याळाचं तेल, बस्स. हे ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं, व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेणाऱ्यांनी किती कॅमेरे मारलेत त्याला गणती नाही.

आता कपाटाबद्दल. बंद कपाट, त्यात लेदर केस, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर जाळं चढायला अंधार नि दमट हवा एवढंच लागतं. सुरुवातीला ते पुसून निघतं पण उशीर केला तर बुरशी काचेवरचं पातळ कोटिंग खाते, कधी काच सुद्धा, मग कितीही साफ केलं तरी डाग राहतात. केस वेगळी ठेवा, कॅमेरा उजेड लागेल हवा लागेल असा ठेवा, हवा फारच दमट असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा (आणि ते जेल मधून मधून गरम करून कोरडं करत जा, नाहीतर नुसतीच पुडी). पण या सगळ्यापेक्षा मोठा उपाय म्हणजे वापरणं. अधूनमधून सगळ्या स्पीडवर शटर मारून घ्या, फोकसचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आणि ठेवताना शटर चढवलेलं ठेवू नका, स्प्रिंग उगाच ताणलेली राहते. चालता कॅमेरा वर्षानुवर्षं चालतो, ठेवलेला बिघडतो, इतकं ते साधं आहे.

आणि "चालत नाहीत" हे कोणी ठरवलं? यात लागतो तो १२० नंबरचा रोल, कोडॅकने १९०१ मध्ये काढलेला, तो आजही नवा कोरा बनतो, कोडॅक बनवतं, इलफर्ड बनवतं, फोमा बनवतं. एका रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा फोटो. निगेटिव्ह छोट्या ३५ मिमी फिल्मच्या जवळजवळ चौपट मोठी, त्यामुळे साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत पण जे बारकावे दिसतात ना, ते बघूनच माणूस यात अडकतो. फक्त फार जुना मिळाला तर रोल कुठला लागतो ते आधी तपासा, कारण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके उंड हायडेकेने १९२९ मध्ये काढलेला पहिलावहिला रोलायफ्लेक्स ११७ नंबरचा रोल घ्यायचा, आणि इतर काहींना ६२० लागतो ज्यात फिल्म तीच पण रीळ वेगळं.

रोलायफ्लेक्सचं नाव घेतलं की लोकांना वाटतं तोच हवा, तोच खरा. आहे चांगला, नाही कोण म्हणतंय. १९३७ च्या ऑटोमॅट मॉडेलपासून तर रोलचा कागद संपून फिल्म कुठे सुरू झाली हे तो दोन रोलरमधल्या जाडीवरून स्वतःच ओळखतो, बॅटरी नाही काही नाही, आणि ते चालताना बघून आजही थक्क व्हायला होतं. पण १९७० पासून १९८६ पर्यंत बनलेला याशिका मॅट १२४ जी घ्या, मिनोल्टाचा ऑटोकॉर्ड घ्या, लेन्स बदलता येणारा धिप्पाड मामिया सी ३३० घ्या, अगदी प्लॅस्टिकचा रशियन लुबिटेल घ्या, आनंद तोच आहे. गोळा करणाऱ्यांनी डबीसकट, वॉरंटी कार्डासकट न वापरलेले तुकडे जपून ठेवायचा जो प्रकार चालवलाय तो मला कपाटवाल्यांपेक्षा वेगळा वाटत नाही, रागावू नका.

आनंद कसला म्हणाल तर खाली मान घालून बघण्याचा. छातीशी कॅमेरा धरायचा, वरचा हूड उघडायचा, आणि दुधी काचेवर समोरचं जग रंगीत हलताना दिसतं. वरच्या लेन्समधून प्रकाश येतो, पंचेचाळीस अंशातल्या आरशावर आदळून वर काचेवर पडतो, त्यामुळे चित्र सरळ पण डावं उजवं उलटं. समोरचा माणूस डावीकडे चालला तर काचेवर उजवीकडे जातो, तुम्ही त्याच्या मागे कॅमेरा वळवायला जाता आणि तो आणखीनच पळतो, पहिले काही रोल या गोंधळातच जातात, मग हात आपोआप शिकतो. फोटो खालच्या लेन्समधून निघतो, वरची उघडीच राहते, आरसा हलत नाही, म्हणून ज्या क्षणी शटर पडतं तो क्षण सुद्धा तुम्हाला दिसत असतो, एसएलआरमध्ये, म्हणजे एकाच लेन्समधून बघायच्या नि फोटो काढायच्या कॅमेऱ्यात, आरसा उडतो आणि नेमका तेवढाच काळोखात जातो. समोरच्याचे डोळे मिटले होते का हे बटण दाबतानाच कळतं. आवाज म्हणाल तर नुसतं टिक्.

आणि तोंडासमोर काळा डबा नसल्याने समोरचा माणूस वेगळाच वागतो, तुम्ही त्याच्यावर नेम धरलाय असं त्याला वाटत नाही. व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळायची नोकरी करत शिकागोच्या रस्त्यांवर गळ्यात रोलायफ्लेक्स घालून अनेक वर्षं फिरली, तिचे फोटो जगाला सापडले ते २००७ मध्ये, तिचं गोदामातलं सामान लिलावात गेल्यावर. तिच्या फोटोत माणसं बऱ्याचदा किंचित उंच, ठाम उभी वाटतात, त्याचं अर्धं कारण कॅमेरा डोळ्याशी नसून पोटाशी होता हेच आहे. अर्धंच हं, बाकीचं अर्धं तिची नजर.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरची लेन्स आणि खालची लेन्स यांच्यात चार पाच सेंटीमीटरचं अंतर असतं, लांबच्या दृश्यात ते जाणवत नाही, पण अगदी जवळून, म्हणजे मीटरभरावरून चेहरा घेतला की काचेवर पूर्ण दिसणारं डोकं फोटोत कापलं जातं. रोलायफ्लेक्समध्ये चौकट आपोआप सरकते, सी ३३० मध्ये काटा दाखवतो, बाकीच्यांत डोक्यावर जरा जास्त जागा सोडायची सवय लावून घ्यायची.

जुना घेताना किंवा घरचाच बाहेर काढताना लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी सगळेच बघतात, पण खरी परीक्षा फोकसची आहे आणि ती घरबसल्या होते. वरची नि खालची लेन्स एकाच पट्टीवर बसून एकत्र पुढे मागे होतात, कॅमेरा कधी पडला असेल तर ती पट्टी केसभर वाकते आणि काचेवर स्पष्ट दिसणारं फोटोत धूसर येतं, मग लोक लेन्सला शिव्या घालतात. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथून जाते त्या दोन रुळांवर दुधी काचेचा तुकडा खरबरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा, काच नसेल तर ताणून लावलेली पारदर्शक चिकटपट्टी पण चालते. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) लावून केबल रिलीजने, म्हणजे बटणाला लावायच्या लवचिक तारेने, उघडं ठेवा, अपर्चर पूर्ण उघडं, कॅमेरा ट्रायपॉडवर. आता लांबच्या एखाद्या विजेच्या खांबावर किंवा अँटेनावर वरून भिंगाने फोकस करा आणि मग मागच्या काचेवर दुसऱ्या भिंगाने बघा. दोन्हीकडे एकदमच टोकदार दिसलं तर कॅमेरा सोनं आहे. नाही दिसलं तर आधी आरसा आणि वरची दुधी काच आपापल्या जागी नीट बसलीत का बघा, कारण कोणीतरी साफसफाई करून काच उलटी बसवलेली असणं हा प्रकार फार सापडतो. ते ठीक असेल तर मग जाणकाराकडे.

आरशाला मात्र हात लावू नका. घरच्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो, याचा समोर असतो, कापडाने घासलंत की मुलामा कापडावर आणि आरसा टकला. ब्लोअरने धूळ उडवा, फारच काळवंडला असेल तर मापाचा नवा कापून बसवून घेता येतो आणि चित्र एकदम दुप्पट उजळतं. १२४ जी च्या मागच्या झाकणाला काळा स्पंज असतो तो वर्षांनी डांबरासारखा चिकट होऊन आत गळतो, तो खरवडून नवा लावणं हे काम मात्र कोणालाही जमेल असं आहे. ऑटोकॉर्डची लेन्सखालची फोकसची दांडी जड फिरत असेल तर जोर लावू नका, ग्रीस सुकलेलं असतं आणि दांडी ठिसूळ धातूची, मोडते. जुन्या कॉम्पूर रॅपिड जातीच्या शटरवर १/५०० लावायचाच असेल तर शटर चढवायच्या (स्प्रिंग ताणायच्या) आधी लावा, त्या स्पीडला आत एक जादा स्प्रिंग लागते. आणि सेल्फ टायमर चालतो का बघूया म्हणून उगाच दाबू नका, अडकला की सगळं शटर बंद.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजायच्या मीटरच्या भानगडीत तर पडूच नये असं माझं मत. सेलेनियमवाले मीटर आता थकलेत, आणि १२४ जी चा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला, ते सेल बंद झाले. फोनवरचं ॲप घ्या, नाहीतर कडक उन्हात १०० स्पीडची फिल्म, अपर्चर एफ १६, शटर १/१२५ हे पाठ करून टाका, सावलीत अपर्चर दोन तीन घर उघडा. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश पोटात घेते, कमी मात्र सहन करत नाही.

आता माझी विनंती एवढीच की ती तेलाची टीप चुकीची होती हे दोन ओळींत तरी छापा. आणि लेख वाचून ज्यांनी माळ्यावरचा कॅमेरा खाली काढला असेल त्यांना सांगा की मागचं झाकण लगेच उघडू नका, आत रोल असू शकतो. नॉब किंवा क्रँक हळू फिरवून बघा, ताण लागत असेल तर रोल आहे, तो संपून एकदम हलकं लागेपर्यंत फिरवा आणि मगच अंधाऱ्या खोलीत उघडून कागदाची पट्टी चिकटवून टाका. रंगीत रोल असेल आणि त्यावर सी-२२ (रंगीत फिल्म धुवायची जुनी पद्धत) लिहिलं असेल तर १९७२ मध्ये सी-४१ ही नवी पद्धत आल्यावर ती मागे पडली, तेव्हा रंगाच्या नादी न लागता कृष्णधवल म्हणूनच धुवून मागा, निदान चेहरे तरी ओळखू येतील.

आपला,
एक नियमित वाचक