पैशाचं सिम कोणत्या फोनात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की स्वस्त स्मार्टफोनच्या पानभर जाहिराती सुरू होतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीचे एमएएच त्यात सर्वांत ठळक असतात आणि दुकानात गिऱ्हाईकही तेवढंच विचारतं. दहा हजारांच्या आतला फोन जोडफोन, म्हणजे नेहमीच्या फोनाच्या जोडीला दुसरा फोन, म्हणून घ्यायचा असेल, तर या दोन आकड्यांनी काही ठरत नाही. चांगला कॅमेरा पहिल्या फोनात असतोच आणि ५००० एमएएचची बॅटरी आता जवळपास प्रत्येक स्वस्त फोनात मिळते. असे फोन रोज उघडून दुरुस्त करणारे आम्ही कारागीर आहोत. जाहिरातीत जे येत नाही ते इथं लिहितो.

घरात नवा फोन आला की जुना फोन वडिलांकडे नाहीतर दुकानाच्या गल्ल्याशेजारी जातो आणि बँकेला जोडलेलं सिम बहुतेक वेळा त्यातच राहतं. नव्या फोनात व्हिडिओ आणि ग्रुपवरचे फॉरवर्ड. म्हणजे ज्याला सुरक्षेचे अपडेट येतात त्यात करमणूक, आणि ज्याचे अपडेट केव्हाच बंद पडले त्यात आयुष्याची पुंजी. हा उलटा कारभार आहे. दुसरा फोन स्वस्त असायला हरकत नाही, पण तो नवा असावा. बँकेचं सिम त्यात घालावं आणि त्याला दुसरं काम सांगू नये.

सध्याची बरीच फसवणूक व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके फाइलने, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट इन्स्टॉल होणाऱ्या ॲपच्या फाइलने होते. फाइलचं नाव लग्नपत्रिका असतं, नाहीतर वाहन दंडाची पावती. ती इन्स्टॉल केली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हातात जातात. बँकेचे मेसेज येणाऱ्या फोनात व्हॉट्सॲपच नसेल तर ही वाट बंद होते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'अज्ञात ॲप्स' लिहा. जी यादी उघडेल त्यात ब्राउझर, फाइल मॅनेजर, ब्लूटूथ, सगळ्यांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून घातक ॲप शोधणारं प्ले प्रोटेक्ट चालू आहे का तेही बघा. आणि बँकेला दिलेला नंबर दुकानाच्या पाटीवर छापू नये. इतकी साधी गोष्ट शाहूपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत कोणी पाळत नाही. एवढं करूनही पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर करायचा. तिथं जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

यूपीआय नव्या फोनात हलवताना अडतं ते मेसेजपाशी. ॲप आपल्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून नंबर ओळखतं. स्वस्तातल्या काही रिचार्जमध्ये जाणारे एसएमएस नसतात, मग मूळ शिल्लक शून्य असेल तर नोंदणी पुढं सरकत नाही आणि दोष फोनाला मिळतो. दोन सिम असतील तर मेसेज कोणत्या सिमवरून जायचा ते आधी ठरवून द्या. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर नोंदणी केली तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. फोन बदलल्यावर बऱ्याच बँका पहिले २४ तास ५००० रुपयांपर्यंतच व्यवहार करू देतात, म्हणून व्यापाऱ्याचे पैसे द्यायच्या दिवशी सकाळी फोन बदलू नये. हरवलेल्या सिमचं डुप्लिकेट काढलं तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. तेवढा वेळ यूपीआयची खटपट करू नये.

आता वेगाबद्दल. फोन हँग होतो म्हटलं की लोक रॅमवर खापर फोडतात, पण स्वस्त फोनात खरी अडचण स्टोरेजची. बहुतेकांत ईएमएमसी ५.१ चिप असते. ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. महागड्या फोनातली यूएफएस चिप दोन्ही एकदम करते. ६४ जीबीतले १५ ते २० जीबी सिस्टीमच खाते. उरलेली जागा भरत आली की चिपला नवीन लिहायला मोकळा कप्पा सापडत नाही. मार्केट यार्डातल्या गच्च भरलेल्या वखारीत गुळाचा एक रवा (ढेप) ठेवायला आधी दहा रवे हलवावे लागतात, तशी तिची गत होते. क्यूआर स्कॅन करायला घेतला की कॅमेरा पाच-पाच सेकंद काळा राहतो, तो यामुळे. किमान १० ते १२ जीबी कायम मोकळे ठेवा. ४ जीबी रॅमच्या फोनावर दुकानदार ८ जीबी सांगतो, त्यातले वरचे ४ म्हणजे याच संथ चिपचा तुकडा रॅम म्हणून वापरणं. सेटिंग्जमध्ये ते 'रॅम एक्स्टेन्शन' किंवा 'मेमरी एक्स्टेन्शन' नावानं सापडतं. ते बंद करून फोन रिस्टार्ट केला तर ईएमएमसीवाला फोन उलट सुटसुटीत चालतो आणि चिपची झीजही वाचते.

मेमरी कार्ड घालून जागा वाढवू म्हणणाऱ्यांनी आधी सिमचा ट्रे बाहेर काढून बघावा. तीन खाचा असतील तर दोन सिम आणि कार्ड. दोनच असतील तर दुसऱ्या सिमची जागाच कार्ड घेतं.

गल्ल्यावरच्या फोनाची नेहमीची तक्रार म्हणजे पैसे आल्याचं नोटिफिकेशन उशिरा येतं. गिऱ्हाईक निघून गेल्यावर फोन वाजतो. नेटवर्कचा संबंध यात कमी. बॅटरी वाचवायला फोन वापरात नसलेली ॲप झोपवतो, त्यात पेमेंटचं ॲपही झोपतं. त्या ॲपवर बोट दाबून धरा, 'ॲपची माहिती' उघडा, बॅटरीमध्ये 'अनिर्बंध' निवडा. काही कंपन्यांच्या फोनात 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं. आणि पेमेंट 'प्रलंबित' दाखवत असेल तर दुसऱ्यांदा पाठवू नका, आधी व्यवहारांची यादी बघा. खात्यातून पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते माणसाकडून माणसाला असल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला असल्यास पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढं बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे मागावं लागत नाही असा नियम आहे, तरी मागावं.

बॅटरीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. गल्ल्यावरचा फोन दिवसभर चार्जरला लावलेला असतो, मागं पत्र्याचं शेड, एप्रिल-मेचं ऊन. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. आत वायू साठतो आणि ती फुगते. सुरुवात ओळखता येते. मागचं झाकण एका कडेला उचललेलं असतं, त्या फटीत नख सहज जातं. सपाट काचेवर ठेवून फोन फिरवला तर भोवऱ्यासारखा गरगरतो. डिस्प्लेच्या मधोमध पांढुरका डाग दिसतो, कारण खालून बॅटरी दाबत असते. असा फोन दाबून झाकण बसवू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. बॅटरी बदलून घ्या आणि जुनी घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका, दाबली गेली तर पेट घेते. सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावा, नसेल तर दहा वॅटचा चार्जर सकाळी तीन तास पुरे.

याच्या उलट, कपाटात ठेवून दिलेला फोन. तो शून्यावर ठेवला तर काही महिन्यांत बॅटरी इतकी खाली उतरते की तिच्यावरचं संरक्षक सर्किट ती बंदच करून टाकतं. मग चार्जर लावूनही काही दिसत नाही. निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा.

उद्यमनगरातल्या कारखानदारांसाठी एक वेगळी गोष्ट. फाउंड्री आणि लेथवर लोखंडाचा बारीक चुरा हवेत असतो. फोनाच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, त्यामुळे हा चुरा जाळीला चिकटून थर धरतो आणि आवाज घोगरा होत जातो. सुईनं टोकरलं तर जाळी फाटून चुरा आत पडदीवर जातो आणि नवा स्पीकर बसवावा लागतो. सेलोटेपचा चिकट भाग जाळीवर दाबून उचलायचा, चुरा निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. चार्जिंग जॅकमधला खिशातल्या सुताचा बोळा मात्र फोन बंद करून लाकडी टूथपिकनं काढावा, मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता.

पावसाळ्यात जॅकमध्ये ओल असताना चार्जर लावला की पिना हिरव्या पडतात. पाणी एकटं तेवढं बिघडवत नाही, पाण्यातून वीज गेली की धातू झिजतो. जॅकचं तोंड खाली करून फोन पंख्यासमोर ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवल्यानं पीठ तेवढं जॅकमध्ये जातं.

दोन फोन, दोन कंपन्यांची सिम, ही व्यवस्था गगनबावडा-राधानगरीकडं जाणाऱ्यांना उपयोगी पडते. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असते. पुराच्या वेळी मात्र यावर फार भिस्त ठेवू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघाली की काही भागांत वीज जाते. अनेक ठिकाणी दोन कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात. टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपलं की दोन्ही सिम एकदम गप्प. म्हणून दुसरं सिम निवडताना आपल्या गल्लीत कोणाची रेंज दुसऱ्या दिशेच्या टॉवरवरून येते ते बघावं. ५जीचं तर वेगळंच. एक कंपनी स्वतंत्र ५जी जाळं चालवते, दुसरीचं बरंचसं ५जी ४जीच्या आधारावर उभं आहे, आणि काही स्वस्त ५जी फोन यातला पहिलाच प्रकार पकडतात. पाटीवर ५जी लिहिलेलं असतं, फोन मात्र ४जीवरच राहतो. जोडफोनाला ४जी भरपूर झालं, फक्त ५जीचे जादा पैसे मोजू नयेत.

दुसऱ्या सिमच्या रिचार्जची तारीख लोक विसरतात. प्रीपेड सिमवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकतं. शिल्लक २० रुपये असेल तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते, एवढीच सवलत. बंद झालेला नंबर पुढं दुसऱ्याला दिला जातो आणि बँकेचे मेसेज त्याच्याकडं जाऊ लागतात. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि गॅस एजन्सीकडं बदलून घ्यावा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. मर्यादा ९ ची आहे. सेकंडहँड फोन घेताना केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की फोन चोरीचा म्हणून नोंद आहे का ते कळतं.

युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनवर बॅटरीचं आयुष्य आणि दुरुस्तीची सोय सांगणारं लेबल सक्तीचं आहे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. आपल्याकडं जाहिरातीत निदान तीन गोष्टी छापायला काय हरकत आहे: स्टोरेजची चिप कोणती, सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, आणि ५जी कोणत्या प्रकारचं? जाहिराती घेणाऱ्या वर्तमानपत्रांनीच हा आग्रह धरला तर कंपन्या ऐकतील. तोवर दुकानात डेमोचा फोन हातात घेऊन सेटिंग्ज, फोनविषयी, अँड्रॉइड आवृत्ती असं उघडावं आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघावी. ती सहा महिन्यांहून जुनी असेल तर तो फोन जागेवर ठेवून दुसरा मागावा.

आपले,
मोबाइल दुरुस्ती करणारे काही कारागीर
राजारामपुरी, कोल्हापूर