म्युझिक व्हिडिओ आधी कानांनी पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला म्युझिक व्हिडिओंच्या वाटचालीवरचा पानभर लेख वाचला. फोटो झकास होते, सनावळ्या बहुतेक बरोबर होत्या, भाषाही ओघवती. तरी काहीतरी राहून गेलंय असं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र. मी व्यवसायाने संकलक आहे. जाहिराती, माहितीपट आणि गाण्यांचे व्हिडिओ कापणं हा माझा पोटाचा धंदा. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. खुशाल काटछाट करा, त्याबद्दल निदान मी तरी कुरकुर करणार नाही.

लेखात प्रत्येक व्हिडिओची गोष्ट आहे, त्यावर झालेला खर्च आहे, तो किती वेळा पाहिला गेला याचा आकडा आहे. नाही ते फक्त गाणं. लय कोणती, ठेका कोणत्या वाद्याने धरलाय, गायिका श्वास कुठे घेते आणि त्या क्षणी पडद्यावर काय असतं, याबद्दल एक ओळ नाही. छोट्या सिनेमाचं परीक्षण लिहावं तसा सगळा लेख लिहिलाय. माझी तक्रार एवढीच.

सिनेमात सहसा चित्र आधी कापलं जातं आणि पार्श्वसंगीत त्याच्या मापाने बेतलं जातं. आमच्याकडे नेमकं उलटं. गाणं पूर्ण होऊन हातात येतं आणि त्याची लांबी ठरलेली असते. शॉट कितीही देखणा असो, त्याच्यासाठी गाणं दोन सेकंदही थांबत नाही. चित्रीकरणाच्या वेळी तेच गाणं स्पीकरवर वाजतं आणि गायक त्यावर ओठ हलवतो. एकदा दुरून, एकदा जवळून, एकदा गच्चीवर, एकदा पावसात. त्यामुळे माझ्या टाइमलाइनवर, म्हणजे संगणकातल्या संकलनाच्या पट्टीवर, येणारे सगळे टेक (एकेका खेपेचं चित्रण) एकाच गाण्याला बांधलेले असतात. गच्चीवरून थेट पावसात उडी मारली तरी पाहणारा अडखळत नाही, कारण सलगपणा गाण्याने सांभाळलेला असतो. कथापटात असं केलं तर लोक विचारतील, हा भिजला कधी?

भराभर कट पडतात त्याचं खापर लेखात प्रेक्षकांच्या चंचलपणावर फोडलंय. चंचलपणा असेलही. पण आधी कारागिरीचं कारण पाहा. जिथे कुठल्याही क्षणी कुठल्याही टेकवर जाता येतं, तिथे संकलकाचा हात मोकळा सुटणारच. हात मोकळा असणं आणि हाताला कान असणं यात मात्र फरक आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं घ्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, असतील तर एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा. तेच २५ फ्रेमवर नेलं की ठोका साडेबारा फ्रेमचा होतो, आणि अर्धी फ्रेम काही कापता येत नाही. म्हणजे एक कट किंचित आधी, पुढचा किंचित नंतर. सरावलेल्या डोळ्याला ते जाणवतं. माझ्या अनुभवात ठोक्याच्या एखादी फ्रेम आधी पडलेला कट अचूक वाटतो आणि नंतर पडलेला आळशी वाटतो.

मध्यंतरी हाताखालच्या एका मुलाने पूर्ण गाण्याला बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर मार्कर, म्हणजे खुणा, लावले आणि प्रत्येक मार्करवर कट मारला. हिशेबाला चोख, पण पाहवेना. दुसऱ्या कडव्यापर्यंत पुढचा कट कधी पडणार हे आधीच कळायला लागलं होतं. आम्ही निम्म्याहून जास्त कट काढले, आणि जे ठेवले त्यातले काही ठोक्यावरून उचलून गायिकेच्या श्वासावर नेले. ओळ सुरू होण्याआधी ती हवा आत घेते ना, तिथे. चेहरा आधी येतो, शब्द मागून. गाणं तेच, टेक तेच, पण आता ती कुणाशी तरी बोलतेय असं वाटायला लागलं.

कट न मारण्यालाही कान लागतो. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनरचा १९९० मधला, जॉन मेबरीने दिग्दर्शित केलेला ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हा व्हिडिओ आठवा. काळी पार्श्वभूमी आणि जवळजवळ पडदाभर चेहरा. मध्ये बागेतली काही दृश्यं येतात, पण व्हिडिओ उभा आहे तो त्या चेहऱ्यावरच. आवाज कुजबुजीवरून एकदम मोकळा होतो, आणि तिथे चित्र काहीच नवीन करत नाही, नुसतं थांबून राहतं. लेखात त्यातल्या अश्रूंचा उल्लेख आहे. अश्रू दिसले कारण कुणीतरी कट मारला नाही, तेही लिहायला हवं होतं.

आता फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्री. लेखात त्याला ‘कल्पक’ म्हणून एका वाक्यात निकाली काढलंय, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’ या गाण्याचा त्याचा १९९७ चा व्हिडिओ वरवर पाहिला तर विचित्र पोशाखांतली मंडळी एका गोल मंचावर नाचताहेत, बस. पण नाचणाऱ्यांचे पाच गट आहेत आणि प्रत्येक गट म्हणजे गाण्यातला एकेक आवाज. यंत्रमानव म्हणजे यांत्रिक केलेला गळा, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, पोहण्याच्या पोशाखातल्या मुली म्हणजे कीबोर्ड, आणि ते उंचेपुरे, इवल्याशा डोक्यांचे खेळाडू म्हणजे बास, म्हणजे गाण्यातला खालच्या पट्टीतला आवाज. बासचे सूर चढले की खेळाडू जिना चढतात, उतरले की उतरतात. एखादा आवाज गाण्यातून गेला की त्याचा गट थबकतो. ज्याला संगीताची काहीही माहिती नाही त्यालाही हा व्हिडिओ दोनदा पाहिल्यावर बासची ओळ वेगळी ऐकू यायला लागते. नृत्य ब्लांका लीचं. गोंद्रीने कॅमेरा मुद्दाम लांब ठेवला, कारण व्हिडिओंमध्ये नाचाचे क्लोजअपने तुकडे होतात याचा त्याला वैताग होता.

पाच वर्षांनी, २००२ मध्ये, त्याने केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडगोळीच्या ‘स्टार गिटार’साठी माणसंही काढून टाकली. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा देखावा, एवढंच. खांब, घरं, पूल, मालडबे मागे पळताहेत. अर्ध्या मिनिटाने लक्षात येतं की खांब ठोक्यावर येताहेत, नवा आवाज सुरू झाला की त्याच्यासोबत नव्या प्रकारची इमारत येतेय, आणि आवाज थांबला की ती इमारतही बंद. मूळ चित्रण फ्रान्समधल्या नीम ते व्हालांस या रेल्वेमार्गावरचं, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुनःपुन्हा घेतलेलं. मग त्यातले तुकडे संगणकावर गाण्याच्या मात्रांप्रमाणे मांडले. त्यात गोष्ट नाही, नट नाही, गायकसुद्धा नाही. परीक्षणाच्या नेहमीच्या पट्टीने याबद्दल काय लिहिणार? ‘खिडकीतून बाहेर दिसतं’, एवढंच ना?

लेखातली दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे हा सगळा इतिहास पायरी पायरीने वर चढत आल्यासारखा मांडलाय. सुरुवातीला साधं, मग भव्य, मग आणखी भव्य. असं झालेलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘पॅनोरम’ नावाचं कपाटाएवढं यंत्र होतं. नाणं टाकायचं आणि तीनेक मिनिटांचं गाणं पडद्यावर पाहायचं. रीळावर आठ गाणी एकामागोमाग जोडलेली, त्यामुळे तुमच्या नाण्याला जे नशिबात असेल ते. १९६० च्या सुमारास फ्रान्समधून आलेल्या ‘स्कोपिटोन’ या तशाच यंत्रामध्ये छत्तीस गाण्यांतून हवं ते निवडता यायचं. मग १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही हे गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनल सुरू झालं आणि निवड पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली. यूट्यूबने ती परत दिली, आणि आता अंगठ्याने वर सरकवायच्या व्हिडिओंनी ती पुन्हा काढून घेतली. ज्याला प्रेक्षकाने निवडलंय त्या व्हिडिओला शांतपणे सुरू होता येतं. जो न बोलावता समोर येतो त्याला पहिल्या दोन सेकंदांत बाही ओढावी लागते. हल्लीच्या उभ्या व्हिडिओंत ध्रुवपद थेट तोंडावर येऊन आदळतं, ते यामुळे.

आणि साधेपणाचं म्हणाल तर अमेरिकन गायक बॉब डिलनचा १९६५ चा तो गल्लीतला व्हिडिओ घ्या, ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’चा. डी. ए. पेनबेकर या दिग्दर्शकाच्या, डिलनवरच्या माहितीपटाची सुरुवात म्हणून चित्रित झालेला हा तुकडा. डिलन ओठ हलवतच नाही. हातातल्या पुठ्ठ्यांवर गाण्यातले शब्द, एकेक दाखवून खाली टाकतो. काहींची स्पेलिंगं मुद्दाम चुकवलेली, आणि गाण्यात अकरा डॉलर असताना पुठ्ठ्यावर वीस. चित्राने गाण्याची री ओढायलाच हवी असं नाही, ते गाण्याला चिमटेही काढू शकतं. हे एमटीव्हीच्या सोळा वर्षं आधी, एका कॅमेऱ्यावर, एकाही कटशिवाय झालं होतं. २००६ मध्ये ओके गो या बँडने आठ ट्रेडमिलवर स्थिर कॅमेऱ्यासमोर एका दमात नाच केला, तेव्हा यूट्यूबच्या टीचभर चौकोनात तो भव्य व्हिडिओंपेक्षा जास्त उठून दिसला. भव्य प्रकाशयोजना त्या चौकोनात चिखल होऊन जायची.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या १९७५ मधल्या ‘बोहेमियन रॅप्सडी’चं कौतुक लेखात आहे, योग्यच आहे. पण दिग्दर्शक ब्रूस गावर्सने तो काही तासांत व्हिडिओटेपवर उरकला होता, आणि चेहऱ्यामागे चेहरा अशी जी रांग लागते ती कॅमेरा मॉनिटरवरच रोखून मिळवलेली आहे. ती नेमकी तिथे का? कारण गाण्यात त्या ठिकाणी आवाजावर आवाजाचे थर चढवलेले आहेत. प्रत्यक्ष मंचावर चौघांना जे एकाच वेळी गाता येणं शक्य नव्हतं, ते चित्राने दाखवलं. युक्ती आवडली तर ती गाण्याच्या कोणत्या गरजेतून आली हे पाहावं, एवढंच माझं म्हणणं.

मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’बद्दलही तेच. जॉन लँडिसने १९८३ मध्ये केलेल्या या जवळपास चौदा मिनिटांच्या व्हिडिओचा रंगभूषा आणि खर्च यांच्या अंगाने भरपूर उल्लेख आहे. वर मी म्हटलं की गाणं चित्रासाठी थांबत नाही. इथे ते थांबलंय, आणि हीच त्यातली खरी धिटाई. तबकडीवर कडवं, मग ध्रुवपद असा नेहमीचा क्रम आहे. व्हिडिओत जॅक्सन मुलीबरोबर रस्त्याने चालत कडवी सलग गातो, आणि ध्रुवपद राखून ठेवलंय थेट भुतांच्या नाचापर्यंत. सगळ्यांना पाठ असलेली ओळ इतका वेळ अडवून धरायची म्हणजे गंमत नाही. ती सुटते तेव्हा अंगावर काटा येतो, त्यात रंगभूषेचा वाटा कमी आणि वाट पाहण्याचा जास्त आहे.

हे सगळं मी एकटाच बोलतोय असंही नाही. १९८७ मध्ये ई. ॲन कॅप्लन यांनी एमटीव्हीवर पुस्तक लिहिलं, ते बरंचसं सिनेमाच्या सिद्धांतांच्या चष्म्यातून. १९९२ मध्ये अँड्र्यू गुडविन यांनी त्यावर आक्षेप घेतला की अशा अभ्यासात संगीतच बाजूला पडतं. चित्र गाण्याचा अर्थ दाखवतं, वाढवतं की त्याच्याशी फारकत घेतं, असे तीन संबंध त्यांनी मांडले. वर्गीकरण म्हणून मला ते थोडं ढोबळ वाटतं, कारण ते शब्दांच्या अर्थाशी जास्त बोलतं, आणि ‘स्टार गिटार’सारख्या शब्द जवळपास नसलेल्या गाण्यापुढे अडखळतं. पण वाद तीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि आपण अजून त्याच्या अलीकडेच उभे आहोत.

आकड्यांबद्दल एकच. ‘गंगनम स्टाइल’ हा यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ, डिसेंबर २०१२. दोन वर्षांनी तर तो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे गेला आणि तेवढंच मोजू शकणाऱ्या तिथल्या गणकाची रचनाच बदलावी लागली. किस्सा मजेशीर आहे, मीही सांगत असतो. व्हिडिओ कसा बांधलाय याबद्दल त्यातून काडीचं कळत नाही.

आता विनंती. या विषयावर पुन्हा लेख आला तर लेखकांना सांगा की व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका, आणि मग लिहायला बसा. एमटीव्हीनेसुद्धा दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर द्यायला १९९२ उजाडू दिलं, तेव्हा आपल्या पानावर ते राहिलं तर एकट्या लेखकाला काय बोलणार. पण पुढच्या वेळी गायक-गायिकेच्या फोटोखाली दिग्दर्शकाचं नाव जरूर द्या. आणि ओळीत जागा उरत असेल, तर संकलकाचंही.

आपला,
एक संकलक आणि नियमित वाचक