गवंड्यांचे हातही तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बांधकाम कामगारांच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. रक्तदाब, साखर, डोळे सगळं बघतात. हात मात्र कोणी बघत नाही.

आमचे अण्णा चाळीस वर्षं गवंडी होते. गिलाव्याचं काम सुरू असलं की आमटी चमच्यानं खायचे, कारण तिखट बोटांच्या भेगांत झोंबायचं. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा थापी धरायची. "सिमेंटनं हात खाल्ले," एवढंच म्हणायचे. पुढे रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठेना, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. तोवर इसब मुरलेला होता. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून करतात त्या तपासणीत, क्रोमियमची ॲलर्जी निघाली.

ओलं सिमेंट चुन्यासारखं दाहक असतं. ते कातडीचा वरचा थर फोडतं आणि त्यातलं क्रोमियम आत शिरतं. एकदा ही ॲलर्जी जडली की बहुतेकांची जन्मभर सुटत नाही. म्हणून भेगा पडायच्या आधीच बघायला हवं.

मधुमेहींच्या डोळ्याचा पडदा ज्यानं तपासतात ते ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) तंत्र आता पुष्कळांना माहीत आहे. १९९१ साली जगापुढे आलेलं हे तंत्र त्वचेसाठीही वापरतात. प्रकाश कातडीत एक-दीड मिलिमीटर जातो आणि परतणाऱ्या प्रकाशातून थरांचा उभा छेद पडद्यावर उमटतो. सुई नाही, तुकडा काढणं नाही. बोटाच्या पेरातल्या घामाच्या नळ्यासुद्धा पिळदार दिसतात! थर जाड होऊ लागला, आत पाणी साचू लागलं तर कळतं. सहा महिन्यांनी तोच हात पुन्हा ताडून बघता येतो. ॲलर्जी कशाची हे मात्र ते सांगत नाही. त्याला पॅच टेस्टच लागते, आणि पाठीवर ४८ तास पट्ट्या ठेवून नाक्यावरच्या माणसानं घाम टाळायचा कसा? म्हणून ती कोणाची करायची, हे आधी निवडता आलं पाहिजे.

ओसीटी प्रत्येक शिबिरात नेणं परवडणार नाही, मान्य. पण दहापट मोठं दाखवणारा डर्मोस्कोप खिशात मावतो. त्यानं सगळ्यांचे हात बघावेत आणि शंका येईल त्याला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला बांधकामखर्चावरचा १ टक्का उपकर याच माणसांसाठी आहे.

सिमेंटमध्ये फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस, मिसळला की हे क्रोमियम निरुपद्रवी होतं. डेन्मार्कनं १९८० च्या दशकातच ते सुरू केलं. युरोपीय संघानं २००५ पासून दशलक्षात २ भाग अशी मर्यादाच घातली. आपल्याकडेही तशी सक्ती व्हावी.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून बिगारी म्हणून माल कालवतो. बोटांच्या बेचक्यात खाज येते म्हणतो. वरून काहीच दिसत नाही. पुढच्या शिबिराला मी त्याला घेऊन जाणार आहे. तिथे त्याचे हात बघणारं कोणी असावं, ही कामगार कल्याणकारी मंडळाला कळकळीची विनंती.

आपली,
एका गवंड्याची मुलगी, मिरज